यॉर्कशरच्या गिरण्या, दहा तासांची चळवळ आणि रेव्हरंड बुल

प्रश्न

इंग्लंडमधील कारखाना कायद्यांच्या इतिहासात रिचर्ड ओस्टलर आणि लॉर्ड ॲशली ही दोन नावे पानोपानी भेटतात. रेव्हरंड जॉर्ज स्ट्रिंगर बुल यांचे नाव मात्र बहुधा एका ओळीपुरतेच येते. ब्रॅडफर्डजवळच्या बायर्ली या गावचे पाद्री, गिरणीतील कामाचा दिवस दहा तासांचा करा अशी मागणी करणाऱ्या दहा तासांच्या चळवळीचे वक्ते आणि १८३३ साली लंडनला जाऊन ॲशलींना संसदेतील नेतृत्व स्वीकारायला लावणारे गृहस्थ, एवढे सांगून लेखक पुढे जातात. मी मात्र तिथेच अडखळतो.

ब्रॅडफर्डची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेरा हजारांच्या आसपास होती आणि १८५१ मध्ये ती एक लाखाच्या वर गेली होती. ही वाढ वर्स्टेडच्या, म्हणजे लांब धाग्याच्या विंचरलेल्या लोकरीचे सूत कातणाऱ्या गिरण्यांमुळे झाली. अशा ठिकाणी गिरणीमालकांशी वैर घेणे एका साध्या पाद्र्याला परवडण्यासारखे नव्हते. तरीही बुल यांनी ते घेतले. ते कशामुळे घेतले? प्रवचनांपलीकडे त्यांनी नेमके काय केले? आणि ज्या कामगारांना स्वतःचे गाऱ्हाणे स्वतः मांडता येत होते, त्यांना अशा मध्यस्थाची गरज का भासली? मूळ साधने वाचलेल्या जाणकारांनी कृपया थोडे विस्ताराने लिहावे.

प्रतिसाद १

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोहोंचे उत्तर त्यातच दडले आहे, असे मला वाटते.

१८३२ मध्ये खासदार मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली आणि तिच्यापुढे गिरणी कामगारांनी साक्षी दिल्या. त्यातील लीड्सच्या एलिझाबेथ बेंटली यांची साक्ष अवश्य वाचावी. साक्षीच्या वेळी त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि सहाव्या वर्षी जवसाच्या (अळशीच्या) सुताच्या गिरणीत लागल्या होत्या. त्यांचे काम डॉफरचे होते, म्हणजे चात्यांवरच्या बॉबिन भरल्या की साचा थांबवायचा, भरलेल्या उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या आणि साचा पुन्हा सुरू करून द्यायचा. कामाची गर्दी असली की पहाटे पाच ते रात्री नऊ आणि एरवी सकाळी सहा ते संध्याकाळी सात. जेवणाला दुपारी चाळीस मिनिटे मिळत. हात मंदावला तर मुकादमाचा पट्टा बसे. धुळीने भूक मरे, आणि जे अन्न खाल्ले जात नसे ते मुकादम उचलून डुकरांना घाली. घर गिरणीपासून दोन मैलांवर आणि घरात घड्याळ नाही. उशीर होऊ नये म्हणून आई रात्री दोनला किंवा चारला उठे, आणि कोळसा खाणीकडे निघालेल्या मजुरांची चाहूल लागली की बाहेर जाऊन त्यांना वेळ विचारी. साक्ष दिली तेव्हा एलिझाबेथ अनाथ-गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात राहत होत्या आणि जड टोपल्या ओढून त्यांच्या खांद्याची हाडे वाकली होती.

कामगारांना बोलता येत नव्हते, असे म्हणणे या साक्षी वाचल्यावर शक्यच नाही. ते बोलले, आणि असे बोलले की आजही वाचताना मन सुन्न होते. पण बोलण्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. साक्ष देऊन परतलेल्या काही जणांना मालकांनी कामावरून काढल्याची तक्रार सॅडलर यांनी भर संसदेत केली होती. पाद्र्याच्या जागेचे मोल इथे कळते. त्यांची भाकरी गिरणीच्या हजेरीपटावर अवलंबून नव्हती. मालक त्यांना वर्तमानपत्रांतून झोडपू शकत होते, त्यांच्याकडे पाठ फिरवू शकत होते, पण शनिवारी हिशेब करून घरी पाठवू शकत नव्हते. बुल यांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यातच आहे. दयाबुद्धी अनेकांकडे होती. आपल्याला लाभलेले संरक्षण ज्यांना ते नाही त्यांच्यासाठी खर्ची घालायचे, हे फार थोड्यांना सुचले.

आता ते या कामाकडे कसे वळले ते पाहू. बुल यांचा जन्म १७९९ चा. तरुणपणी काही काळ ते नौदलात होते आणि नंतर चर्च मिशनरी सोसायटीतर्फे पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेले. ही वसाहत मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची होती. प्रकृतीमुळे परत आल्यावर ते पाद्री झाले आणि १८२६ पासून बायर्लीत राहिले. रविवारची शाळा हा त्यांच्या कामाचा गाभा होता. त्या शाळेतील बरीच मुले आठवड्याचे सहा दिवस गिरणीत असत, त्यामुळे सातव्या दिवशी त्यांना अक्षरओळख करून देणे म्हणजे काय असते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. थकलेल्या मुलाला वाचायला शिकवता येत नाही. आणि जे वाचू शकत नाही त्याला धर्मग्रंथ तरी कसा वाचता येणार? दीर्घ कामाचे तास धर्माच्याच आड येतात, हे त्यांचे म्हणणे या अनुभवातून आले होते. त्यामुळे गिरणीतील तासांचा प्रश्न हा धर्मोपदेशकाच्या कक्षेबाहेरचा आहे, हा आक्षेप त्यांनी कधीच मान्य केला नाही.

ठिणगी पडली ती १८३० मध्ये. फिक्सबीच्या जमीनदारीचे कारभारी ओस्टलर हे ब्रॅडफर्डचे गिरणीमालक जॉन वुड यांच्या घरी मुक्कामाला होते. तुम्ही वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी झगडता, पण आमच्या गिरण्यांत लहान मुलांचे काय चालले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का, अशा आशयाचे वुड यांनी त्यांना विचारले. ओस्टलर यांनी दुसऱ्याच दिवशी जे पत्र लिहिले ते १६ ऑक्टोबर १८३० च्या ‘लीड्स मर्क्युरी’मध्ये ‘यॉर्कशरमधील गुलामगिरी’ या मथळ्याने छापून आले. सात ते चौदा वर्षांची मुले रोज सकाळी सहा ते संध्याकाळी सात राबतात आणि त्यात खाण्या-खेळण्याला मिळून अर्धा तास मिळतो, हे त्यातले मुख्य म्हणणे होते. सिएरा लिओन पाहून आलेल्या बुल यांना हा शब्द किती लागला असेल, याची कल्पना करता येते.

बुल यांनी केलेली कामे सांगायची तर ती बरीच आहेत. गावोगावच्या सभांतून ते बोलले, पत्रके लिहिली, कामगारांच्या ‘अल्पतास समित्यां’बरोबर बसून मोहिमेची आखणी केली, वुड यांनी गिरणीलगत काढलेल्या शाळेची देखरेख केली. १८३२ च्या अखेरीस लीड्सच्या निवडणुकीत सॅडलर पडले आणि चळवळीला संसदेत वाली उरला नाही. तेव्हा या समित्यांनी बुल यांनाच प्रतिनिधी म्हणून लंडनला धाडले. ॲशली त्या वेळी ३१ वर्षांचे होते आणि गिरणीच्या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता. थोडा विचार करून ते तयार झाले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी हा भार वाहिला. कामगारांच्या समित्यांनी आपला माणूस म्हणून एका पाद्र्याला निवडावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांच्यावर कुणी दया करण्यासाठी पाद्री पाठवला नव्हता, तो त्यांनी स्वतः निवडला होता.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील माहितीबद्दल वाद नाही, परंतु दुसरी बाजू मांडली गेली पाहिजे, नाहीतर चित्र फारच एकरंगी होईल.

सॅडलर समितीने मुख्यतः एकाच पक्षाचे ऐकले आणि मालकांना उत्तर देण्याची संधी मिळण्याआधीच साक्षी छापून प्रसिद्ध झाल्या. म्हणूनच १८३३ मध्ये स्वतंत्र शाही चौकशी आयोग नेमला गेला. दहा तासांच्या चळवळीने त्या आयोगावर बहिष्कार टाकला, गिरण्यांतील मुलांच्या मिरवणुका काढून आयुक्तांचा निषेध केला, आणि त्यात ओस्टलर व बुल पुढे होते. सत्य बाहेर यावे अशी ज्याची इच्छा आहे त्याने चौकशीला विरोध करावा, हे मला पटत नाही.

दुसरे असे की उत्तरेतील अनेक गिरणीमालक इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांचे आणि राजकारणात व्हिग (उदारमतवादी) पक्षाचे होते. ओस्टलर, सॅडलर आणि बुल हे तिघेही टोरी (परंपरावादी) वळणाचे आणि अधिकृत चर्चचे. मालकांची बाजू घेणारे लोक त्या काळीच विचारत होते की, हे सद्गृहस्थ गिरणीतल्या मुलांसाठी अश्रू ढाळतात, पण टोरी जमीनदारांच्या शेतावर राबणाऱ्या मजुरांविषयी आणि भाकरी महाग करणाऱ्या धान्य कायद्यांविषयी एवढ्या आवेशाने का बोलत नाहीत? हा प्रश्न अगदीच निराधार होता असे मला म्हणवत नाही.

शिवाय, पाद्र्यांच्या हाती अधिकार पूर्वीही दिला गेला होता. १८०२ च्या शिकाऊ मुलांसंबंधीच्या कायद्याने गिरण्यांच्या पाहणीसाठी दोन निरीक्षक नेमण्याची तरतूद केली होती, त्यातील एक न्यायदंडाधिकारी आणि दुसरा पाद्री असायचा. हा कायदा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. एका बुल यांच्यावरून सबंध पाद्री वर्गाला श्रेय देण्यापूर्वी या तीन दशकांच्या निष्क्रियतेचाही हिशेब मांडावा लागेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. १८०२ च्या कायद्यातील पाद्री-निरीक्षकांची तरतूद मला माहीत नव्हती आणि त्यामुळे प्रश्न अधिकच गहिरा झाला आहे. चौकशी आयोगाला विरोध का झाला, हे मात्र मला अजून नीट उमगलेले नाही. मुलांचे तास कमी करण्याची शिफारस तर त्या आयोगानेच केली होती आणि १८३३ चा कायदाही त्यातूनच आला. मग चळवळ त्या कायद्यावर नाराज का होती?

प्रतिसाद ३

हा प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर गिरणीच्या आत काम कसे चालत असे ते पाहावे लागेल.

वाफेच्या इंजिनापासून एक मुख्य दांडा फिरतो, त्यावरून पट्ट्यांनी सगळे साचे चालतात. साच्यावर मोठा माणूस असला तरी तुटलेले धागे सांधायला आणि बॉबिन बदलायला मुले लागतातच. मुले हलली की साचा अडतो आणि साचा अडला की मोठ्या माणसाचे कामही थांबते. चळवळीचा सगळा हिशेब या रचनेवर उभा होता. कायद्याने मुलांना दहा तासांनंतर सोडले तर इंजिन थांबवण्यावाचून मालकाला गत्यंतर नाही, आणि इंजिन थांबले की स्त्री-पुरुष सगळ्यांचाच दिवस दहा तासांचा होतो. सज्ञान माणसाच्या कराराच्या स्वातंत्र्यात हात घालायला त्या काळची संसद मुळीच तयार नव्हती. त्यामुळे मोठ्यांच्या सुटकेची वाट मुलांच्या सुटकेतूनच जात होती.

आयोगाला हे बरोबर कळले होते, आणि म्हणूनच त्याने त्यावर तोड काढली. त्याच्या शिफारशींतून आलेल्या कायद्याने रेशीम गिरण्या वगळता अन्यत्र नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तेरा ते अठरा वयाच्यांना दिवसाला बारा तास. लहानांना रोज दोन तास शाळा. हे सारे ऐकायला दहा तासांच्या मागणीपेक्षाही उदार वाटते. परंतु मुलांच्या दोन तुकड्या आळीपाळीने लावल्या की इंजिन चालूच राहते, आणि मोठ्या माणसाने पूर्वीइतकेच तास राबायचे हे ठरलेलेच. मुलांना वेगळे काढून मोठ्यांची मागणी निकालात काढली गेली. बुल आणि ओस्टलर यांचा संताप समजून घ्यायचा तो या ठिकाणी. चौकशी नेमण्यामागचा हेतूच वेळ काढण्याचा आणि मागणीची धार बोथट करण्याचा आहे, अशी त्यांची खात्री झाली होती, आणि जे घडले ते पाहता तिला आधार होता असेच मी म्हणेन. तरीही दुसऱ्या प्रतिसादकर्त्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे की, बहिष्कारामुळे आयोगापुढे कामगारांची बाजू जितकी सबळपणे यायला हवी होती तितकी आली नाही.

हा कायदा झाला त्याच महिन्यात, म्हणजे ऑगस्ट १८३३ मध्ये, संसदेने वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. यॉर्कशरच्या सभांतून पुढची काही वर्षे ही तुलना वारंवार झाली यात नवल नाही.

या कायद्याने एक गोष्ट मात्र खरोखर नवी आणली आणि तिचा संबंध १८०२ च्या त्या फसलेल्या तरतुदीशी आहे. मालकांच्या पंक्तीला बसणारे स्थानिक दंडाधिकारी आणि पाद्री यांच्याऐवजी सरकारने चार पगारी निरीक्षक नेमले. लेनर्ड हॉर्नर हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. चार माणसांनी देशभरच्या गिरण्या पाहायच्या हे काम अशक्यप्राय होते. त्यात जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्था १८३७ पर्यंत सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे मूल नऊ वर्षांचे आहे की सात, हे डॉक्टरने त्याची उंची आणि अंगकाठी पाहून ठरवायचे. खोटे दाखले सर्रास मिळत. तरीही या निरीक्षकांचे अहवाल दरवर्षी छापून येऊ लागले आणि गिरणीच्या आत काय चालते हे जगाला सरकारी कागदांतून कळू लागले. त्याचे मोल कमी नाही.

एका मालकाने आपल्यापुरते तास कमी केले असते तर काय झाले असते, असाही प्रश्न कुणाच्या मनात येईल. जॉन वुड यांना ते करावेसे वाटत होते आणि १८३० च्या अखेरीस त्यांनी ब्रॅडफर्डच्या मालकांपुढे कायद्याची कल्पना मांडूनही पाहिली. शेजारची गिरणी तेरा तास चालते तेव्हा दहा तास चालणारी गिरणी बाजारभावात मार खाते, हे त्यांना व्यवहारातून ठाऊक होते. म्हणून चांगल्या मालकालाही कायदा हवा होता. बुल यांनी मालकांच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करण्यावर न थांबता कायद्याचा आग्रह धरला, त्यामागे वुड यांच्यासारख्याचा हा अनुभव होता.

प्रतिसाद ४

टोरी पक्षपाताच्या मुद्द्यावर एक भर घालतो. १८३४ मध्ये गरिबांच्या मदतीसंबंधीचा नवा कायदा आला. तो व्हिग सरकारचा असला तरी पील आणि वेलिंग्टन या टोरी नेत्यांचा त्याला पाठिंबा होता. बुल यांनी त्याला उघड विरोध केला. त्यांना केवळ पक्षाचे राजकारण करायचे असते तर गप्प बसणे सोयीचे होते. या कायद्याचा गिरण्यांशीही थेट संबंध होता. घरबसल्या मिळणारी मदत आटली आणि दक्षिणेतील शेतमजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे उत्तरेच्या गिरण्यांकडे धाडली जाऊ लागली. म्हणजे शेतावरच्या मजुराचा प्रश्न बुल यांच्या दाराशी स्वतःच चालत आला होता, आणि त्यांनी त्याकडे पाठ फिरवली नाही. धान्य कायद्यांबाबतचा आक्षेप मात्र माझ्या मते टिकतो.

अन्य पाद्र्यांविषयी म्हणाल तर ॲश्टन-अंडर-लाइनचे मेथडिस्ट धर्मोपदेशक जोसेफ रेनर स्टीफन्स यांचे नाव घ्यायलाच हवे. ते बुल यांच्यापेक्षा कितीतरी जहाल होते. त्यांच्या पंथाने १८३४ मध्ये त्यांना निलंबित केले, आणि १८३९ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बुल यांनी अशी भाषा टाळली, कायद्याची चौकट सोडली नाही. मला दोघांबद्दलही आदर आहे, पण दीर्घ पल्ल्याच्या कामाला बुल यांचा मार्ग अधिक उपयोगी पडला, असे वाटते.

पुढचे थोडक्यात. १८४० मध्ये बुल बायर्ली सोडून ब्रॅडफर्डच्या सेंट जेम्स चर्चमध्ये आले. हे चर्च वुड यांनी स्वखर्चाने बांधले होते. १८४७ मध्ये टॉडमॉर्डनचे गिरणीमालक आणि खासदार जॉन फील्डन यांनी दहा तासांचे विधेयक अखेर पार करून घेतले. ॲशली त्या वेळी सभागृहात नव्हते. मंदीमुळे बऱ्याच गिरण्या तशाही कमी तास चालत होत्या, त्यामुळे शेवटच्या तासातच सगळा नफा असतो, हा अर्थशास्त्रज्ञ नॅसॉ सीनियर यांचा १८३७ पासून मिरवलेला युक्तिवाद लटका पडला. धान्य कायदे रद्द झाल्याने चिडलेल्या जमीनदार खासदारांचीही मते मिळाली. कायदा झाल्यावरही मालकांनी स्त्रियांना आणि किशोरवयीन मुलांना तुकड्या-तुकड्यांनी लावून इंजिन चालूच ठेवले, आणि १८५० मध्ये न्यायालयाने त्यांची ही रीत ग्राह्य धरली. त्याच वर्षी ॲशलींनी साडेदहा तासांची तडजोड मान्य केली. तिच्यामुळे स्त्रिया आणि किशोरवयीनांची आळीपाळीची पद्धत बंद झाली आणि शनिवारी दुपारी दोनला काम थांबू लागले, परंतु जुन्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना, ओस्टलर यांना तर विशेषच, हा विश्वासघात वाटला. आठवड्याला साडेछप्पन्न तासांची, म्हणजे रोजच्या दहा तासांची मर्यादा १८७४ च्या कायद्याने आली. बुल १८४७ पासून बर्मिंगहॅमला होते आणि तिथेच १८६५ मध्ये त्यांचे निधन झाले.